राजी कोण असतं?

राजस्थान-हरियाणाकडच्या हिंदी वर्तमानपत्रात ‘दोनों पक्षों में राजीनामा’ अशी बातमी दिसली की मराठी वाचक बुचकळ्यात पडतो. पद कोणी सोडलं? कोणीच नाही. भांडण मिटलेलं असतं. खरं तर शब्दाशी इमान त्यांनीच राखलंय. अरबी ‘राज़ी’ म्हणजे कबूल, संतुष्ट. फारसी ‘नामा’ म्हणजे लेख. करारनामा, जाहीरनामा, पंचनामा यांच्याच भाऊबंदकीतला हा शब्द. मूळ अर्थ संमतिपत्र.

मग आपल्याकडे त्याचं सोडपत्र कसं झालं? मला वाटतं, धागा जमिनीच्या दप्तरात सापडतो. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत खातेदार जमीन सोडताना सरकारला राजीनामा लिहून द्यायचा आणि तीच जमीन घेणारा ‘कबुलायत’ द्यायचा. एकाने हक्क सोडला, दुसऱ्याने सारा पत्करला. जमीन विकली तरी कागदांची हीच जोडी. सरकारला हवं होतं ते एवढंच, की सोडणारा राजीखुशीने सोडतोय, उद्या दावा सांगत परत येणार नाही. जमीन सोडायला चालला तो शब्द खुर्ची सोडायलाही चालला. गुजराती, कन्नड, तेलुगूतही राजीनामा म्हणजे पद सोडणंच.

हिंदीतल्या ‘इस्तीफा’ची चाल वेगळी. त्याचं अरबी मूळ आणि आपल्या ‘माफी’चं मूळ एकच. म्हणजे इस्तीफा देणारा ‘मला यातून माफ करा’ म्हणतो. राजीनामा देणारा ‘मी राजी आहे’ म्हणतो.

म्हणतो खरा. १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावरून चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद. दोन्ही वेळचा कागद नाराजीचा, नाव मात्र राजीनामा! आणि ज्यांचा ‘घेतला’ जातो, त्यांच्या राजीपणाबद्दल तर बोलायलाच नको. खिशात ठेवून फिरवतात ते राजीनामे आणखी निराळे.

१९७४ मध्ये गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाच्या रेट्याखाली आमदारांकडून राजीनामे लिहून घेतले गेले. त्याच वर्षी ३३ वी घटनादुरुस्ती आली. राजीनामा स्वेच्छेने दिलेला किंवा खरा नाही असं चौकशीनंतर वाटलं, तर सभागृहाच्या अध्यक्षांनी तो स्वीकारायचा नाही, असं तिने ठरवलं. तेव्हापासून आमदाराचा कागद हाती आला की अध्यक्षांना आधी पाहावं लागतं, सही करणारा राजी होता का.