साखरेला जागा न देणारा बर्फ

मिरगाच्या तोंडावर आंब्याची अढी एकदम अंगावर येते. पिकू लागलेला आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो, त्याने शेजारचे आंबे पिकतात आणि तेही तोच वायू सोडू लागतात. रोज आमरस करूनही आंबे उरतात, साली सुरकुततात, गर मऊ पडतो. कापून खायला हे आंबे नकोसे वाटतात, पण गोठवायला यांच्यासारखे दुसरे नाहीत! यामागचं कारण मला दर उन्हाळ्यात थक्क करतं.

कैरीतला स्टार्च पिकताना साखर होतो आणि पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं. असा रस साच्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवला की आत एक निवड सुरू होते. बर्फाच्या स्फटिकात पाण्याच्या रेणूंची षटकोनी मांडणी इतकी नेमकी असते की साखरेचा मोठा रेणू तिथे मावतच नाही. पाणी एकटंच गोठतं आणि साखरेला बाहेर ढकलतं. स्फटिकांच्या फटींत उरलेला पाक त्यामुळे घट्ट होत जातो आणि गोठायला आणखी नाखूश. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली, तर ते शून्याऐवजी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठू लागतं. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांनाही थोडा पाक पातळच राहतो, म्हणून आंब्याच्या कांडीत दात रुततो.

याचा पुरावा आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलाय. आइसकांडी जोरात चोखली की रंग आणि गोडी तोंडात येते, हातात पांढरा, बेचव बर्फ उरतो. तो पाक त्या फटींतूनच ओढला गेलेला असतो.

स्फटिक सावकाश वाढले तर मोठे होतात आणि जिभेला खरखरीत लागतात. म्हणून रस पसरट स्टीलच्या डब्यात, पातळ थरात ठेवावा आणि कडा गोठू लागल्या की काट्याने अधूनमधून खरवडावा. पॉटमधल्या आइस्क्रीमचं रहस्यही हेच. बर्फात जाडं मीठ घातलं की तो वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. नेमक्या प्रमाणात हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. दांडा फिरत राहिल्याने स्फटिकांना मोठं व्हायला उसंतच मिळत नाही.

काळे ठिपके पडलेल्या केळ्यांचं तर नवलच. सोलून, चकत्या करून गोठवा आणि मिक्सरमध्ये फिरवा. आधी नुसता भुगा दिसतो, थोडा धीर धरला की दुधाच्या थेंबाशिवाय आइस्क्रीमसारखा मऊ गोळा तयार! केळ्याचा गर आणि त्यातलं पेक्टिन बारीक स्फटिकांना एकमेकांपासून दूर ठेवतात.

हापूसमध्ये साका निघाला तर तेवढा भाग कापून टाका; आंबूस वास येत असेल तर अख्खा आंबाच नको. साचा काठोकाठ भरू नका, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. आणि चव पाहताना रस जरा जास्तच गोड वाटू द्या. जिभेच्या पेशींतली टीआरपीएम५ ही वाहिनी गोडीचा संदेश पुढे पोचवायला मदत करते, पण गारठ्यात ती मंदावते. तोच रस गोठल्यावर बेताचा गोड लागतो. अतिपिकल्या आंब्यात वरून साखर घालायची गरज सहसा पडत नाही. चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब पुरतात.