कंपन्यांचे विलीनीकरण आणि सिंगापूरचा कायदा



दोन टॅक्सी कंपन्या एक झाल्या तर आपल्या खिशाला काय फरक पडतो? सिंगापूरकरांना याचे उत्तर २०१८ साली मिळाले. त्या मार्चमध्ये उबरने आग्नेय आशियातील व्यवसाय ग्रॅबला विकून बदल्यात ग्रॅबमध्ये २७.५ टक्के हिस्सा घेतला.

येथील स्पर्धा कायदा २००४ चा. बाजारातील स्पर्धा लक्षणीय कमी करणाऱ्या विलीनीकरणाला त्याचे कलम ५४ मनाई करते. हे कलम १ जुलै २००७ पासून लागू आहे. भारतात ठराविक मर्यादेवरील व्यवहारांना आधी स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते. इथे आधी कळवणे ऐच्छिक आहे. पण ऐच्छिक म्हणजे मोकळे रान नव्हे! इथला आयोग, म्हणजे सीसीसीएस, स्वतःहून चौकशी करू शकतो.

ग्रॅब-उबरचे तसेच झाले. सवलती वजा जाता ग्रॅबचे भाडे १० ते १५ टक्के वाढल्याचे आयोगाला आढळले. सप्टेंबर २०१८ मध्ये दोघांना मिळून सुमारे १.३ कोटी सिंगापूर डॉलर दंड झाला, चालकांना एकाच कंपनीशी बांधून ठेवण्यास मनाई झाली. पण उबर गेली ती गेलीच.

२०२३ मध्ये ग्रॅबने ट्रान्स-कॅब घ्यायचे ठरवले, तेव्हा मात्र आधी आयोगाकडे अर्ज केला. जुलै २०२४ मध्ये आयोगाने प्राथमिक निर्णयात हरकत घेतली आणि व्यवहार मागे घेतला गेला.

थोडक्यात, तपासणी आधी झाली तरच ग्राहकाचा पर्याय वाचतो. अशा अर्जांवर आयोग संकेतस्थळावरून जनतेची मते मागवतो. आपणही जरूर कळवावे.