दिवाळीनंतरची शाळा

फराळाचे डबे रिकामे झाले, किल्ल्यावरचे अळीव सुकले, की घरोघरी दप्तरांची शोधाशोध सुरू होते. प्राथमिक शाळेचे दुसरे सत्र उघडते. पहिल्याच आठवड्यात चिरंजीव फर्मान आणतात, "आई, बाईंनी उद्या चिंचोके आणायला सांगितलेत!" आई कपाळाला हात लावते, "अहो, मग हा शिकणार तरी केव्हा?"

प्रश्न जुनाच आहे. ताराबाई मोडकांनी त्याचे उत्तर १९४५ साली, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी कृतीने दिले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने यांनाच साधने केले. मुले येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने हे काम वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली!

प्राथमिक शाळेतही हेच खरे. चिंचोक्यांचे दहा-दहांचे ढीग लावणारे मूल खेळत असते, आणि खेळता खेळता 'दशक' म्हणजे काय ते बोटांनी शिकत असते. मग फळ्यावरचे दशक त्याला परके वाटत नाही.

तेव्हा पालकहो, बाईंनी चिंचोके मागितले तर कुरकुरू नका, मूठभर द्या. आणि संध्याकाळी "आज काय लिहिलेस?" याआधी "आज काय केलेस?" असे विचारा. उत्तर लांबलचक येईल. तेवढी सवड मात्र काढून ठेवा.