कृतज्ञतेची वही आणि हक्काचा अर्ज

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, सर्वांचे आभार मानत जा, मन प्रसन्न ठेवा! ठाणे, कल्याण, डोंबिवलीत शाळेपासून कंपनीपर्यंत हा उपदेश आता सर्रास ऐकू येतो. याला सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. चळवळीच्या माणसाने ते फेकून द्यावे काय? नाही. तपासून घ्यावे.

अमेरिकेतील मार्टिन सेलिग्मन यांनी १९९८ पासून या शाखेचा जोरदार पुरस्कार केला. त्यांच्या २००५ सालच्या प्रयोगात, आठवडाभर अशी वही लिहिणाऱ्यांचे नैराश्य सहा महिन्यांनंतरही कमी दिसले. मात्र त्यात भाग घेणारे बहुतेक गोरे, सुशिक्षित होते. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा असा परिणाम लहानच निघाला. म्हणजे उपाय खोटा नाही. पण सर्व दुखण्यांवरचे औषधही नाही.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही १९९० साली ठाण्यातच सुरू झाली. आपल्या वस्तीतील खचलेल्या तरुणाने लाज न बाळगता अशी मदत घ्यावी. नैराश्य तीव्र असेल तर वहीवर भागवू नये, डॉक्टरांकडे जावे.

पण दुखणे मनात नसून व्यवस्थेत असेल तर? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून मेले. त्याच मार्गाने रोज लटकत जाणाऱ्याला 'सुखरूप पोहोचलात, आभार माना' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. त्याला जादा गाड्या हव्यात.

समाधान मानण्याचा धडा आपल्या समाजाला नवा नाही. महार वतनात बापजाद्यांना रात्रंदिवस राबवले, आणि पदरात पडेल ते गोड मानून घ्यायला लावले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांनी समाधान मानायला नव्हे, हक्क मागायला शिकवले. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. हे काम आभाराच्या वहीने झाले नसते.

म्हणून मन सावरण्यासाठी वही जरूर लिहा. पण तक्रार करणाऱ्याला कुणी 'नकारात्मक' म्हणून गप्प बसवू लागला, तर सावध व्हा. सावरलेले मन अन्याय सोसण्यासाठी नाही, संघटित होऊन लढण्यासाठी आहे!