मुलगा तिशीचा आहे, आजारी आहे, आणि डॉक्टरकडे यायलाच तयार नाही

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आज बोलायचंय ते अशा आईवडिलांशी, ज्यांचा मुलगा किंवा मुलगी आता तिशी-चाळिशीची आहे. स्किझोफ्रेनिया आहे किंवा बायपोलर आजार आहे, पण आत्ताची काळजी वेगळीच आहे. साखर वाढलीये, पायाची जखम भरत नाहीये, दाढ ठणकतेय, आणि तो दवाखान्यात यायला तयार नाही. जबरदस्ती करवत नाही आणि नुसतं बघत बसवतही नाही. बऱ्याच घरांत हे असंच चाललेलं असतं.

ही काळजी उगाच नाहीये. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण 10 ते 20 वर्षं लवकर जातात. त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार अशा शारीरिक कारणांनी होतात, जे वेळेवर उपचार मिळाले तर टाळता येण्यासारखे असतात. त्यात काही मानसोपचाराच्या गोळ्यांनीच वजन आणि साखर वाढते. म्हणजे तपासणीची गरज जास्त, आणि तपासणी होते कमी.

तो हट्ट करत नाहीये

पहिली गोष्ट समजून घेऊ. 'मला काही झालेलं नाही' असं तो म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. याला अ‍ॅनोसॉग्नोसिया म्हणतात. पक्षाघात झालेल्या काही रुग्णांना आपला हात हलत नाही हेच कळत नाही, तसंच इथे आजाराची जाणीव करून देणारं मेंदूचं कामच बिघडलेलं असतं. म्हणून रिपोर्ट समोर धरून, आवाज चढवून, शपथा घालून उपयोग होत नाही.

कधी कारण वेगळं असतं. सुईतून आपल्या अंगात काहीतरी सोडतील अशी पक्की भीती असते. कधी आधी एकदा धरून-बांधून नेलेलं असतं, ते तो विसरलेला नसतो. कधी नुसती शक्तीच नसते, आंघोळ करायलाही उठवत नाही. तेव्हा 'का नको?' हे आधी शोधा. उपाय त्यावर ठरतो.

बोलायचं कसं?

झेवियर अमाडोर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी जी पद्धत मांडली ती थोडक्यात अशी: आधी ऐका, मग त्याच्या भावनेला दाद द्या, जिथे दोघांचं एकमत आहे ते शोधा, आणि तेवढ्यावरच सोबत काम करा.

आता हे घरात कसं दिसेल? 'सुईत काही नसतं रे, काहीतरीच काय!' असं म्हटलं की बोलणं संपलं. त्याऐवजी म्हणा, 'सुई टोचली की ते काहीतरी सोडतील असं वाटतं तुला. मग भीती वाटणारच.' इथे तुम्ही त्याचा भ्रम मान्य केला नाहीत, भीती मान्य केलीत. तो विचारेल, 'तुला पटतं का?' तर खरं सांगा, 'मला तसं वाटत नाही, पण त्यावरून आपण भांडायला नको. पाय ठणकतोय, चप्पल घालता येत नाही, हे तर दोघांनाही दिसतंय ना? त्याचं काय करूया?'

मग छोटी निवड त्याच्या हातात द्या. सकाळी जायचं की संध्याकाळी? सोबत बाबा हवेत की ताई? सुईचं पाकीट त्याच्यासमोर फोडायला सांगू का? लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेतो, ते चालेल का? आज नुसता पाय दाखवायचा, रक्त नंतर, हेही चालतं. एक पायरी झाली तरी पुष्कळ.

चहात गोळी घालायची का?

हे अनेक घरांत होतं, उघड कुणी बोलत नाही. कायद्याचा आणि नैतिकतेचा प्रश्न आहेच, पण व्यवहारातही अडचण आहे. डोस किती गेला ते कळत नाही. दुसऱ्या डॉक्टरला तो सांगतो 'मी काही घेत नाही', आणि त्यावर नवी औषधं लिहिली जातात. आणि ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवशी 'घरचे मला काहीतरी खायला घालतात' हा संशय खराच ठरेल. गोळी रोज नको असेल, तर काही औषधं दोन आठवड्यांनी किंवा महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या रूपात मिळतात. त्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना जरूर विचारा.

दवाखान्यात जाण्याआधी

आधी फोन करा. शेवटचा नंबर मागा, म्हणजे गर्दीत तासभर बसावं लागणार नाही. एका कागदावर लिहून न्या: कोणत्या गोळ्या, किती मिलिग्रॅम, कधीपासून, गेल्या महिन्यात काय बदललं, आणि त्याला कशाची भीती वाटते. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे त्याच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुम्हाला सगळं सांगणार नाहीत. पण तुम्ही सांगितलेलं ऐकून घ्यायला त्यांना कुठलीच आडकाठी नाही.

अजून एक. मानसिक आजार आहे म्हटलं की कधीकधी पोटदुखीसुद्धा 'मनाची' ठरवली जाते. तिथे नम्रपणे, पण ठामपणे म्हणा, 'डॉक्टर, हे त्याचं नेहमीचं नाही. एकदा तपासून बघा.'

काही गोष्टी तर लक्षात ठेवाच. क्लोझापिन चालू असताना ताप आणि घसा दुखणं आलं, तर रक्ततपासणी लगेच. त्याच गोळीने होणारी बद्धकोष्ठताही कधी आतड्याला अडथळा होण्यापर्यंत जाते. लिथियम चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या, हात थरथरायला लागले, तोल जायला लागला, तर थांबू नका.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017. यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी. मुलगा बरा असताना साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने, 'माझ्या वतीने अमुक व्यक्ती' असं लिहून देऊ शकतो. पुढच्या उपचारांबद्दलची इच्छाही आधीच लिहून ठेवता येते. हे शांत दिवसात करायचं काम आहे.

तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही आणि त्यातून जिवाला धोका आहे, अशी वेळ आली तर प्रतिनिधीच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. आणि जीव जाण्याचा किंवा भरून न येणारं नुकसान होण्याचा धोका समोर असेल, तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, शारीरिकसुद्धा. प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घेतात. याची मर्यादा साधारणपणे 72 तासांची आहे. पाय काळा पडला, घाण वास येतोय, ताप आहे आणि तो गुंगीत आहे, तर समजावत बसायची वेळ गेली. 108 ला फोन करा.

एक गैरसमजही दूर करतो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळणारं पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. फक्त स्किझोफ्रेनिया असेल तर तो मार्ग लागू होत नाही. मर्यादित पालकत्वाची तरतूद दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये आहे. त्यासाठी वकिलांशी बोला.

आणि तुम्ही?

हे वर्षानुवर्षांचं काम आहे, एकट्याने ओढायचं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे आणि ठाण्यात आयपीएचचे कुटुंबीयांसाठी आधारगट आहेत. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आईवडिलांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.

या आठवड्यात एवढंच करा: गोळ्यांची यादी लिहून फ्रिजवर लावा, आणि मुलाला एकदा विचारा, 'डॉक्टरकडे जायचं म्हटलं की तुला नेमकं काय नको वाटतं?' मग मधे न बोलता त्याचं उत्तर ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.