आधी निखारा होऊ द्या

थंडी पडली की गच्चीवर शेगडी पेटते. पण कोळशाने पेट घेतला रे घेतला की जाळीवर चिकन चढतं, आणि मग बाहेरून करपलेला नि आतून कच्चा तुकडा ताटात येतो. ज्वाळ बसून कोळशावर करडी राख धरेपर्यंत दम काढायला हवा. मग निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढावेत, मांस आधी मोकळ्या बाजूला सावकाश शिजू द्यावं आणि शेवटी निखाऱ्यांवर आणून रंग चढवावा.

कारण जाळीखाली दिसतं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र होतं, भडका उडतो आणि धूर थेट मांसावर बसतो. या धुरात बेन्झोपायरीनसारखी घातक रसायनं असतात. मांस-मासळी फार तापली की त्यांच्यातच हेटरोसायक्लिक अमाइन्स नावाची आणखी काही तयार होतात. या दोन्ही गटांतल्या रसायनांमुळे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना कर्करोग झालेला आहे. माणसांबाबतचा पुरावा तितका पक्का नाही. त्यामुळे भाजलेलं खाऊच नका असं मी म्हणणार नाही, पण काळा पडलेला भाग बिनदिक्कत कापून टाका. लिंबू-लसणात मुरवल्यानेही ही अमाइन्स कमी होतात. भरताच्या वांग्यात आणि कणसात ती जवळपास होतच नाहीत, म्हणून जाळीवर भाज्यांना जास्त जागा द्यावी.

मुरवायचं ते फ्रिजमध्येच. कच्च्या चिकनखालचा उरलेला मसाला शिजलेल्या तुकड्यांवर फासू नये, ताट-चिमटाही वेगळा घ्यावा. चिकन शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. 74 अंश सेल्सिअस दिसलं की झालं.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती फ्लॅटमधल्या काचबंद गॅलरीची. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही; डोकं दुखू लागतं, गरगरतं, माणूस बेशुद्ध पडतो आणि जीवही जातो. एखादी खिडकी उघडी ठेवून भागत नाही. कोळशाची शेगडी उघड्यावरच पेटवा आणि जेवणं आटोपल्यावर ‘ऊब राहील’ म्हणून आत आणू नका. वरून विझलेला कोळसाही राखेखाली कित्येक तास धुमसत असतो.