ताटाखाली घाला लुगड्याची गोधडी

दिवाळीच्या आवराआवरीत पेटीतले जुने कपडे बाहेर निघतात आणि नेमकी त्याच वेळी दारात बोहारीण येते. गेल्या साली मीही सासूबाईंची दोन सुती लुगडी तिच्यापुढे टाकली होती. एका पातेल्यावर सौदा ठरत आला होता. ओसरीवरचे आबा, म्हणजे माझे सासरे, बोलले काहीच नाहीत. नुसते उठून आत गेले. मी लुगडी परत घेतली. बोहारीण पुटपुटत गेली, आणि तिचेही काही चुकले नव्हते.

भगिनींनो, त्या लुगड्यांच्या मी ताटाखाली घालायच्या लहान गोधड्या शिवल्या. गुळगुळीत फरशीवर किंवा टेबलावर ताट सरकत नाही, गरम ताटाचा चटका लागत नाही, सांडलेली आमटी कापडातच जिरते. सारवलेल्या जमिनीवर मात्र त्या घालू नका, लगेच मळतात.

माप 18 इंच लांब, 13 इंच रुंद. एवढ्यात ताट आणि शेजारी पाण्याचे भांडे बसते. लुगड्याचे काठ आधी उसवून बाजूला ठेवा. उरलेल्या पन्ह्यात आडवे तीन तुकडे निघतात, म्हणजे दोन वारांत बारा: सहा गोधड्यांचे वरचे आणि खालचे अस्तर झाले. मध्ये जुन्या धोतराचे दोन पदर घाला. कापूस भरू नका. धुतल्यावर त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही.

कापड सुतीच हवे. शंका असेल तर एक धागा ओढून काडीने पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. टेरिलीनचा वितळून कडक मणी होतो. मी एकदा मधल्या पदरात टेरिकॉटचा तुकडा खपवला होता. चुलीवरून उतरवलेले डाळीचे पातेले त्यावर ठेवले, आणि काय झाले ते सांगायला नको! गडद रंगाचे कापड ओले करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर ते यात नको.

सगळे कापड आधी धुऊन वाळवा. मग चटईवर चारही पदर एकावर एक पसरा, मधून कडेकडे हाताने सुरकुती काढा आणि लांब कच्चे टाके घाला. ही पायरी टाळू नये. त्यानंतर कडेपासून एक बोट आत धावदोरा सुरू करा आणि चौकोनात चौकोन घेत मध्यावर या, आपल्या आज्या गोधडीला घालत तसेच. दोरा ओढू नका. माझी पहिली गोधडी तळलेल्या पापडासारखी वळली ती याचमुळे. गाठ पदरांच्या आत लपवा. शेवटी बाजूला ठेवलेला काठ कडेवर दुमडून गोट शिवा. गोटाला मशीन चालेल. आतले टाके मात्र हातानेच घाला, गोधडी मऊ राहते.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. चांगले खळबळून कडक उन्हात घाला. दोन-तीन उन्हांत डाग पुष्कळ फिकट होतो. पावसाळ्यात दमट घडी ठेवलीत तर बुरशीचे ठिपके पडतील, आणि ते निघत नाहीत.

सहा गोधड्या झाल्या तेव्हा पहिली आबांच्या ताटाखाली घातली. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला आणि भाकरी मागितली. जेवण होताच गोधडी झटकून स्वतःच्या उशाशी नेली. आता रोज तेच ती आणतात आणि तेच नेतात. धुवायला मागितली की म्हणतात, "उद्या दे म्हटलंय ना, सूनबाई." म्हणून घरातली माणसे मोजून वर एक जास्तच शिवा.